हाडांसाठी झिंकची गोळी घ्यायची का? वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात ऑस्टिओपोरोसिसवर, म्हणजे हाडं ठिसूळ होण्यावर, लेख आला होता, त्यात झिंकचा उल्लेख जेमतेम दोन ओळींचा होता. पण पत्रं आणि मेसेज आले ते बहुतेक त्या दोन ओळींवरच! कॅल्शियमबद्दल कुणाला काही विचारायचं नाही, ते सगळ्यांना पाठ आहे. म्हणून यावेळचं सदर झिंकलाच देऊन टाकलंय.

प्रश्न: लेखात वाक्य होतं की झिंक 'हाडातल्या पेशींच्या हालचालीला' मदत करतं. हाड म्हणजे दगडासारखं कडक, त्यात पेशी हलणार कुठून आणि कशाला? जरा नीट सांगाल का. (एक शिक्षक, नाशिक)

सर, नीट सांगायचं तर लांबण लागेल, चालवून घ्या.

पहिलं म्हणजे हाड दगडासारखं नाहीच. मोठ्या माणसाच्या सांगाड्यातलं साधारण १० टक्के हाड दरवर्षी नवं होतं, म्हणजे आत्ता तुम्ही हे वाचताय तेव्हासुद्धा तुमच्या शरीरात दहा लाखांहून जास्त बारीक बारीक जागी हाडाचं काम चालू आहे. आपल्याकडे रस्त्याचं काम निघतं ना, पुढे उकरणारी गँग आणि मागून भरत येणारी गँग, तसंच हे. फरक एवढाच की इथे दोन्ही गँगचं एकमेकांशी बोलणं असतं, त्यामुळे खड्डा उकरून सहा महिने तसाच पडलाय असं सहसा होत नाही. ते व्हायला लागलं की त्यालाच आपण ऑस्टिओपोरोसिस म्हणतो, उकरणं जास्त आणि भरणं कमी.

उकरणाऱ्या पेशी म्हणजे ऑस्टिओक्लास्ट. या रक्तातल्या पेशींच्या खानदानातल्या, अनेक पेशी एकत्र मिसळून एक मोठी पेशी होते, तिच्यात केंद्रकंही अनेक. ती सरपटत येते, हाडाला चिकटते, कडेनं गोल सील करून घेते आणि आतल्या जागेत ॲसिड सोडते. तिथला पीएच ४.५ च्या आसपास उतरतो आणि खनिज विरघळतं. आता हे ॲसिड बनवायला लागतं कार्बोनिक ॲनहायड्रेज-२ नावाचं एन्झाइम आणि त्याच्या बरोबर मध्यभागी बसलेला असतो झिंकचा एक अणू, तो काढला तर एन्झाइम ठप्प. काही मुलांमध्ये जन्मतःच या एन्झाइमच्या जीनमध्ये दोष असतो, त्यांचं हाड उकरलंच जात नाही आणि मग ते घट्ट घट्ट होत जातं. ऐकायला बरं वाटतं, पण असं हाड उलट लवकर मोडतं. म्हणजे उकरणं बंद पडलं तर हाड चांगलं राहील असा ज्यांचा समज आहे त्यांनी हे लक्षात ठेवावं, जुनं निघाल्याशिवाय नवं बसत नाही.

खनिज विरघळलं की उरतं कोलॅजन नावाच्या प्रोटीनचं जाळं. ते कापायचं आणि त्यातून वाट काढायची यासाठी एन्झाइमची एक आख्खी फॅमिली आहे, मॅट्रिक्स मेटॅलोप्रोटीनेज, थोडक्यात एमएमपी. यातल्या प्रत्येकाला झिंक लागतंच. ज्या उंदरांमध्ये एमएमपी-९ चा जीन काढून टाकला त्यांच्या वाढत्या हाडात ऑस्टिओक्लास्ट जिथे पोचायला हवे तिथे उशिरा पोचले, कारण पुढे सरकायला वाटच मिळेना. तुम्ही 'हालचाल' म्हणालात ती ही. घट्ट हाडातून बोगदा पाडत जाणाऱ्या पेशींचा वेग दिवसाला साधारण २० ते ४० मायक्रॉन धरतात, म्हणजे एक मिलिमीटर जायला महिनाभर सहज. आपल्या मानानं काहीच नाही, पण थांबत नाहीत.

आता भरणारी गँग, ऑस्टिओब्लास्ट. यांना कसं कळतं कुठे जायचंय? हाड बनताना त्यात टीजीएफ-बीटा नावाचं प्रोटीन साठवून ठेवलेलं असतं, हाड उकरलं की ते मोकळं होतं आणि त्याच्या मागावर हाडाच्या आतल्या मज्जेतल्या मूळ पेशी त्या जागेकडे सरकतात, २००९ मध्ये उंदरांवरच्या कामातून हे छान दिसलं. आणि हाडात साठवलेलं झिंकही त्याच वेळी मोकळं होतं! शरीरात एकूण झिंक दोन-तीन ग्रॅम, त्यातलं जवळपास ३० टक्के हाडांत, बाकी बरंचसं स्नायूंत. लॅबमध्ये डिशमध्ये वाढवलेल्या मज्जेतल्या पेशींना थोडं झिंक दिलं की त्या जास्त चांगल्या चिकटतात, जास्त फिरतात, पुढे ऑस्टिओब्लास्टही जास्त बनतात. झिंक वाढवत नेलं की त्याच पेशी मरायला लागतात. हे डिशमधलं निरीक्षण आहे, गोळी खाल्लेल्या माणसाच्या हाडातलं नाही, ते वेगळं ठेवा. कारण जाहिरातवाले नेमकं तेच एकत्र करतात.

जागेवर आल्यावर मूळ पेशीची ऑस्टिओब्लास्ट व्हायला ऑस्टेरिक्स नावाचं प्रोटीन लागतं, ते डीएनएला पकडतं ते झिंकच्या आधारानं. व्हिटॅमिन डीचा रिसेप्टर, म्हणजे पेशीत डीचा निरोप घेणारं प्रोटीन, तोसुद्धा तसाच, त्याचा डीएनए पकडणारा भाग झिंकशिवाय आकारातच राहत नाही. म्हणजे तुम्ही डीची सॅशे घेताय पण पेशीत झिंकच नसेल तर निरोप पुढे जाणार कसा. आणि शेवटी कोलॅजनवर खनिज बसायचं तर मध्ये पायरोफॉस्फेट आडवं येतं, ते तोडणारं एन्झाइम म्हणजे अल्कलाइन फॉस्फटेज, त्याच्या कामाच्या जागी झिंकचे दोन आणि मॅग्नेशियमचा एक आयन. उकरायला काही आठवडे लागतात, भरून पक्कं व्हायला काही महिने. जुनं आणि नवं हाड जिथे जोडलं जातं त्या बारीक रेषेवर झिंक आजूबाजूपेक्षा जास्त सापडतं, एक्स-रेच्या खास तंत्रानं हे प्रत्यक्ष बघितलेलं आहे.

तर सर, झिंक हा हाडाचा माल नाही, माल म्हणजे कॅल्शियम, फॉस्फेट, कोलॅजन. झिंक हे हत्यार आहे आणि दोन्ही गँगच्या हातात आहे. जपानमध्ये मासायोशी यामागुची यांनी १९८० च्या दशकापासून यावर बरंच काम केलंय, त्यातून दिसलं की झिंक मिळालं की ऑस्टिओब्लास्टचं काम वाढतं आणि नवे ऑस्टिओक्लास्ट तयार होणं कमी होतं. हे वाचून लगेच गोळी आणायला उठू नका, पुढचा प्रश्न वाचा.

प्रश्न: वय ५८, डेक्सा स्कॅनमध्ये (हाडाची घनता मोजतात तो) टी-स्कोर -२.१ आला. डॉक्टरांनी कॅल्शियम आणि डी दिलंय. पण भिशीतली मैत्रीण म्हणाली नुसत्या कॅल्शियमनं काही होत नाही, झिंक हवं. मेडिकलमधून ५० ची गोळी आणली आणि चार महिने घेतेय. बरोबर आहे का? (एक वाचक, मिरज)

ताई, मैत्रिणीचं निम्मं बरोबर आहे, गोळीचं मात्र चुकलं.

आधी आकडे बघू. आपल्या आयसीएमआरच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे बाईला दिवसाला १३.२ मिलिग्रॅम झिंक पुरतं, पुरुषाला १७. अमेरिकेत हाच आकडा ८ आणि ११ आहे, आपल्याकडे जास्त धरतात कारण आपल्या धान्य-डाळीच्या जेवणातून झिंक कमी शोषलं जातं. आणि वरची मर्यादा दिवसाला ४०, तीही जेवणातलं आणि गोळीतलं मिळून. गोळीत खरंच ५० मिलिग्रॅम झिंक असेल तर तुम्ही नुसत्या गोळीनंच ती ओलांडताय. आता एक गोष्ट करा, स्ट्रिप उलटी करून वाचा. 'झिंक सल्फेट ५० मिलिग्रॅम' लिहिलंय की 'एलिमेंटल झिंक ५० मिलिग्रॅम'? यात खूप फरक आहे, कारण सल्फेटच्या वजनात झिंक थोडंच असतं, नेहमीचं झिंक सल्फेट २२० मिलिग्रॅम घेतलं तेव्हा कुठे त्यात ५० मिलिग्रॅम झिंक मिळतं. काही कंपन्या हे इतक्या बारीक अक्षरात छापतात की चष्मा लावूनही दिसत नाही, मग केमिस्टलाच वाचायला लावा. बिनधास्त.

जास्त झिंकनं बिघडतं काय? तर तांबं. आतड्यात झिंक जास्त झालं की तिथल्या पेशी एक प्रोटीन जास्त बनवतात, ते तांब्याला धरून ठेवतं आणि पेशी गळून पडल्या की त्यांच्याबरोबर तांबंही बाहेर. महिनोन्‌महिने असं चाललं तर ॲनिमिया, पांढऱ्या पेशी कमी होणं, पायात मुंग्या, चालताना तोल जाणं इथपर्यंत जाऊ शकतं. आणि गंमत बघा, कोलॅजनचे धागे एकमेकांत पक्के बांधणारं एन्झाइम, लायसिल ऑक्सिडेज, ते चालतं तांब्यावर. म्हणजे हाड मजबूत व्हावं म्हणून झिंक खाल्लं आणि तेच हाडाच्या मुळावर आलं. कोविडच्या वेळी घराघरात झिंकच्या गोळ्या आल्या आणि त्या बंद करायचं कुणी सांगितलंच नाही, अजूनही कितीतरी लोक सवयीनं घेतायत.

मग मैत्रिणीचं निम्मं बरोबर कुठे? १९९४ मध्ये अमेरिकेतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला, पाळी गेलेल्या ५९ बायका, दोन वर्षं. ज्यांना काहीच दिलं नव्हतं त्यांच्या मणक्याच्या हाडाची घनता साडेतीन टक्क्यांनी घटली, नुसतं कॅल्शियम दिलं त्यांची सव्वा टक्क्यानं, आणि कॅल्शियमबरोबर झिंक, तांबं, मँगनीज दिलं त्यांची जवळपास दीड टक्क्यानं वाढली. छान आहे, पण लहान आहे, अशा गटांत वाटल्यावर एका गटात उरतात किती बायका. आणि झिंक किती दिलं होतं माहितीये? १५ मिलिग्रॅम, तेही तांब्याच्या जोडीनं. ५० नाही! नंतर झालेल्या एका अभ्यासात तर असं निघालं की ज्यांच्या जेवणात झिंक कमी होतं त्यांनाच वरून दिल्याचा फायदा झाला, ज्यांना पुरेसं मिळत होतं त्यांना नाही, उलट थोडं नुकसानच दिसलं. मला हे पटतं, हत्यार हातात नसेल तर काम अडतं, पण एकाच माणसाच्या हातात चार फावडी दिली म्हणून तो चौपट खणत नाही.

तुमचा -२.१ म्हणजे ऑस्टिओपेनिया, घनता थोडी कमी, -२.५ आणि त्याखाली गेलं की ऑस्टिओपोरोसिस म्हणतात. ५० ची गोळी थांबवा, डॉक्टरांना चार महिन्यांचं सांगा, लपवू नका, पायात मुंग्या वगैरे काही होत असेल तर तेही सांगा, ते लागलं तर सीबीसी आणि तांब्याची टेस्ट करतील. उद्या त्यांनी हाडांसाठीची आठवड्याची ॲलेंड्रोनेट गोळी सुरू केली तर ती सकाळी रिकाम्या पोटी, भरपूर साध्या पाण्याबरोबर, नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही आणि त्या अर्ध्या तासात चहा नाही, कॅल्शियम नाही, झिंक नाही, काहीच नाही. नाहीतर ती औषधाची गोळी शोषलीच जात नाही. आणि चालणं, जिना, थोडं वजन उचलणं, याला पर्याय कुठल्याच स्ट्रिपमध्ये नाही.

प्रश्न: मुलगा १३ वर्षांचा, वर्गात सगळ्यात बुटका. झिंक सिरपनं हाडं वाढून उंची वाढते असं व्हिडिओत बघितलं. देऊ का? (एक वडील, सोलापूर)

त्या व्हिडिओवाल्यानं अर्धीच गोष्ट सांगितली, पूर्ण सांगते, मोठी भारी आहे.

१९५८ साली इराणमधल्या शिराझला डॉ. आनंद प्रसाद काम करत होते. हे आपले बिहारमधल्या बक्सरचे, पाटण्याला मेडिकल केलं आणि मग अमेरिकेला गेले. त्यांच्याकडे एक रुग्ण आला, वय २१, पण दिसायला १० वर्षांचं पोर! रक्त कमी, लिव्हर-प्लीहा वाढलेली, वयात आल्याची काही खूणच नाही. जेवण काय तर बिनखमिराची गव्हाची रोटी, मांस जवळजवळ नाही, आणि वर रोज माती खायचा. आसपासच्या गावांत असे आणखी बरेच निघाले. रक्त कमी होतं ते लोह कमी पडल्यामुळे, हे सरळ होतं. पण नुसतं लोह कमी पडल्यानं वाढ एवढी खुंटत नाही, म्हणून प्रसादांनी अंदाज बांधला की झिंक कमी असणार. १९६१ मध्ये त्यांनी तो मांडला. तोवर माणसात झिंक कमी पडतं हे कुणी मानतच नव्हतं. मग इजिप्तमध्ये तशाच मुलांवर नीट तपासून सिद्ध केलं. झिंक दिल्यावर ती मुलं वर्षभरात पाच-सहा इंच वाढली, वयातही आली. हाडांच्या टोकाशी जी वाढीची कूर्चा असते ती त्यांची अजून उघडी होती म्हणून हे जमलं, एकदा ती बंद झाली की झिंक काय नि दुसरं काय, उंची वाढत नाही.

पण दादा, ही मुलं झिंकला पार मुकलेली होती. ज्याला झिंक पुरेसं मिळतंय त्याला सिरप पाजून तो ताडासारखा वाढेल असं नाही होत. १३ व्या वर्षी बुटका असण्याचं सगळ्यात कॉमन कारण म्हणजे आई-वडिलांची उंची आणि उशिरा वयात येणं, तुम्ही स्वतः दहावीनंतर एकदम वाढला होतात का, आठवून बघा. बालरोगतज्ज्ञांकडे न्या, मागच्या वर्षांच्या उंचीच्या नोंदी असतील तर सोबत घ्या, शाळेच्या कार्डावरसुद्धा असतात. ते ग्रोथ चार्ट बघतील, डाव्या हाताचा एक्स-रे काढून हाडाचं वय बघतील, थायरॉईड बघतील. सारखे जुलाब, पोट फुगणं असं काही असेल तर आवर्जून सांगा, त्यातून झिंक खरंच कमी पडू शकतं. आणि लहान मुलांना जुलाबात १४ दिवस झिंक देतात ते वेगळं, तो ठरावीक दिवसांचा कोर्स आहे, त्याचा उंचीशी संबंध नाही.

प्रश्न: मनगट मोडून दीड महिना झाला. रक्ताच्या रिपोर्टमध्ये अल्कलाइन फॉस्फटेज वाढलेलं आलं, घरचे म्हणतात लिव्हर खराब झालं. (वाचक, चिपळूण)

वर नाशिकच्या सरांना सांगितलं तेच हे एन्झाइम, ते लिव्हरमधूनही येतं आणि हाडातूनही. मोडलेलं हाड जुळत असताना ऑस्टिओब्लास्ट जोरात असतात तेव्हा रक्तात ते वाढलेलं दिसू शकतं. डॉक्टरांना जीजीटी (लिव्हरची एक टेस्ट) बघायला सांगा, ते नॉर्मल असेल तर रोख बहुतेक हाडाकडेच. तोवर घरच्यांना म्हणावं लिव्हरचे काढे पाजू नका. याच्या उलट, हेच एन्झाइम सतत फार कमी येत असेल तर झिंकची कमतरता हे एक कारण असू शकतं, इतरही कारणं आहेत, त्यामुळे तेवढ्यावरून गोळी सुरू करायची नाही.

प्रश्न: आम्ही माळकरी, अंडंसुद्धा नाही. आम्हाला झिंक मिळणार कुठून? (एक आजी, बार्शी)

आजी, मिळतं, फक्त थोडी युक्ती करावी लागते. धान्यात-कडधान्यात झिंक असतंच, पण त्याच्याबरोबर फायटेट नावाचा पदार्थ असतो, तो झिंकला घट्ट धरून ठेवतो आणि पोटातून तसाच बाहेर नेतो. शिराझच्या त्या रोटीतही हेच झालं होतं. फायटेट मोडायचं तर भिजवणं, मोड आणणं, आंबवणं. मटकीला मोड आणून उसळ, नाचणीची आंबील, इडली-डोसा, ढोकळा, हे सगळं त्यासाठी उत्तम. ताजं पीठ मळून लगेच केलेल्या भाकरीत फायटेट बरंचसं तसंच राहतं. म्हणून भाकरी सोडायची का? अजिबात नाही, बाजरीच्या १०० ग्रॅम पिठात तीन मिलिग्रॅमच्या आसपास झिंक आहे, सगळं नाही तरी काही भाग मिळतोच.

तीळ मात्र सोडू नका, १०० ग्रॅममध्ये सात-आठ मिलिग्रॅम. संक्रांत संपली की डबा वर ठेवून देतो आपण, त्यापेक्षा तिळाची चटणी बारा महिने पानात असू द्या, बाजरीच्या भाकरीला तीळ लावून थापा. लाल भोपळ्याच्या बिया फेकून देतात लोक, त्या वाळवून भाजून खा, त्यातही तेवढंच. हरभरे, शेंगदाणे, परवडत असतील तर काजू. दात नसतील तर हे सगळं कुटून ताकात किंवा वरणात. दुधा-दह्यात झिंक थोडंच असतं पण ते बऱ्यापैकी शोषलं जातं, भाकरीबरोबर वाटीभर दही असलंच पाहिजे. (जे खातात त्यांच्यासाठी, कोकणातली कालवं, झिंकमध्ये त्यांचा हात कुणी धरू शकत नाही, मटणही चांगलं. आजी, तुम्ही हा कंस वाचला नाही असं समजा.)

प्रश्न: पितळेत झिंक असतं ना? मग पितळेच्या पातेल्यात स्वयंपाक केला तर? (वाचक, पुणे)

पितळ म्हणजे तांबं आणि जस्त, बरोबर. पण बिनकल्हईच्या भांड्यात आमटी, कढी, चिंचेचं काहीही केलं की दोन्ही धातू अन्नात उतरतात, किती उतरतील याचा काही हिशोब नसतो, मळमळ-उलट्या होतात त्या याच्यामुळे. कल्हई असेल तर अन्नाला लागतं ते कथील, म्हणजे झिंक मिळायचा प्रश्नच नाही. भांडी आवडतात म्हणून वापरा, कल्हई करून वापरा.

प्रश्न: वैद्यांनी यशद भस्म दिलंय आणि अस्थिरोगतज्ज्ञांनी झिंक असलेली मल्टिव्हिटॅमिन. दोन्ही चालू ठेवू? (वाचक, कोल्हापूर)

यशद भस्म म्हणजे मुख्यतः झिंकचाच ऑक्साइड. दोघांना एकमेकांचं माहीत आहे का? बहुतेक नसेल. दोन्ही चिठ्ठ्या दोघांनाही दाखवा, म्हणजे एकूण झिंक किती होतंय ते कुणीतरी मोजेल. ॲसिडिटीची गोळी किंवा बीपीची पाणी काढणारी गोळी वर्षानुवर्षं चालू असेल तर तेही सांगा, पहिलीनं झिंकचं शोषण कमी होऊ शकतं, दुसरीमुळे लघवीतून जास्त जातं. डॉक्सिसायक्लिन किंवा सिप्रोफ्लॉक्सासिनसारखं अँटिबायोटिक दिलं तर त्याच्यात आणि झिंकमध्ये काही तासांचं अंतर लागतं.

प्रश्न: त्यापेक्षा रक्तातलं झिंक तपासून घेतलं तर? पॅकेजमध्ये आहे. (वाचक, ठाणे)

पॅकेजमध्ये आहे म्हणून नको. शरीरातल्या एकूण झिंकपैकी रक्ताच्या सीरममध्ये असतं जेमतेम ०.१ टक्का, आणि साधा ताप-सर्दी असली तरी ते खाली येतं, जेवणानंतरही येतं. सारखे जुलाब, जखमा न भरणं, केस गळणं, तोंडाची चव जाणं, आतड्याचा आजार किंवा वजन कमी करायचं ऑपरेशन झालेलं, असं काही असेल आणि डॉक्टर म्हणाले तर करा. सकाळी उपाशीपोटी, आजारी नसताना, आणि झिंकची गोळी चालू असेल तर लॅबवाल्याला आधी सांगून.